आर्मस्ट्राँग, पण चंद्रावरचा नव्हे

मंडळी, आर्मस्ट्राँग हे नाव घेतलं की आपल्यापैकी बहुतेकांना चंद्र आठवतो. गाणंबजावणं ऐकणाऱ्यांना ट्रम्पेटवाला लुई आठवतो आणि सायकलवाल्यांना लान्स. मी ज्याची गोष्ट सांगणार आहे तो यातला कोणीच नव्हे. त्याचं पूर्ण नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. सकाळी ऑफिसला जाताना गाडीत जो एफएम रेडिओ आपण लावतो, तो याच माणसाच्या डोक्यातून निघाला. तरीही मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडलो तेव्हा मला हे नाव माहीत नव्हतं. त्याने शोधलेल्या रिसीव्हरची आकृती मात्र परीक्षेत हमखास येणारी म्हणून तोंडपाठ केली होती!

हे नाव मला कळलं ते मस्कतमध्ये, आणि तेही एका भांडणामुळे. म्हणजे भांडण मीच काढलं होतं.

झालं असं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, तर घरी आल्यावर हाताने काहीतरी करावं म्हणून मी शॉर्टवेव्ह रिसीव्हरचं एक किट मागवलं. माझ्याकडे हॅमचा परवाना नाही, मी नुसता श्रोता. अल खुवैरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर तार बांधली, आठवडाभर सोल्डरिंग केलं आणि चौदा मेगाहर्ट्झवर जगभरचे हौशी लोक बोलताना ऐकू यायला लागले. पण रोज संध्याकाळी एक ठरावीक त्रास सुरू व्हायचा. मध्येच 'श्श्श' असा आवाज चढायचा, दोन-तीन सेकंद टिकायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. कोणीतरी बोलतंय आणि बोलण्याच्या तालावर कढईत मोहरी तडतडतेय असं वाटावं!

शेजारच्या गल्लीत एका घरावर मोठी अँटेना होती. घर एका वयस्कर ओमानी गृहस्थांचं. ते जुने परवानाधारक हॅम आहेत. ओमानला या छंदाची मोठी परंपरा आहे. इथली रॉयल ओमान अ‍ॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी १९७२ सालची, आणि सुलतान काबूस स्वतः हॅम होते. त्यांची खूण होती ए४१एए. तर मी या काकांकडे गेलो आणि तुमच्या ट्रान्समीटरमध्ये दोष आहे, तुम्ही माझ्या बँडवर कचरा पसरवताय, असं जरा चढ्या आवाजातच सांगितलं. इंजिनिअर असल्याचा माज, दुसरं काय!

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. उत्तम हिंदीत आधी काहवा घेणार का विचारलं, खजूर पुढे केले आणि मग म्हणाले की उद्या तुझा रिसीव्हर घेऊन ये. त्यांच्या रेडिओच्या खोलीत भिंतीवर एका टक्कल पडलेल्या, उंच, कोटटाय घातलेल्या माणसाचा कृष्णधवल फोटो होता. तोच आर्मस्ट्राँग. माझ्या रिसीव्हरचं पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी या माणसाची ओळख करून देतो, कारण त्याच्याशिवाय ते कळणार नाही.

आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्कचा. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या कामात होते, आई शिक्षिका. आठव्या-नवव्या वर्षी त्याला एक दुखणं झालं. त्यात दोन वर्षं शाळा सुटली आणि चेहऱ्याचा-खांद्याचा एक झटका कायमचा मागे राहिला. पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावात राहायला गेलं. मार्कोनीच्या गोष्टी वाचून या एकलकोंड्या पोराने शाळकरी वयातच ठरवून टाकलं की आपण संशोधक व्हायचं. माळ्यावरच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि घराजवळ स्वतःच्या हाताने सव्वाशे फुटी अँटेनाचा खांब उभारला. उंचावर चढण्याची त्याला विलक्षण आवड होती, ती आयुष्यभर टिकली.

१९०९ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. वडिलांनी दिलेल्या लाल मोटरसायकलवरून रोज याँकर्सहून ये-जा करायचा. तेव्हा ली डी फॉरेस्ट नावाच्या संशोधकाची 'ऑडिऑन' ही निर्वात नळी नुकतीच बाजारात आली होती. आपल्या वडिलांच्या पिढीने रेडिओत पाहिलेल्या व्हॉल्व्हची ती पणजी म्हणा ना! पण ती नेमकं कसं काम करते हे खुद्द डी फॉरेस्टलाही नीट उमगलेलं नव्हतं. आर्मस्ट्राँगने एकेक मापन घेत ते शोधून काढलं. आणि १९१२ मध्ये, वय अवघं एकवीस, त्याने नळीतून बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग परत आत सोडून पाहिला. क्षीण सिग्नल शेकडो पटींनी वाढला! हेडफोन कानाला लावून जे ऐकावं लागायचं ते खोलीभर ऐकू यायला लागलं.

त्याहून मोठी गंमत पुढे होती. परत सोडायचं प्रमाण आणखी वाढवलं की नळी बाहेरच्या सिग्नलची वाटच बघत नाही, स्वतःच एका ठरावीक स्वरात गायला लागते. म्हणजे ऑसिलेटर झाला. मंडळाच्या कार्यक्रमात माइक स्पीकरसमोर गेला की 'कुंईं' होतं ना, तेच, पण लगाम घालून. नंतर जगभरची ट्रान्समीटर केंद्रं याच तत्त्वावर उभी राहिली.

पेटंटसाठी वडिलांनी पैसे दिले नाहीत, आधी पदवी घे म्हणाले. (हे वाक्य कोणत्या मराठी घरात बोललं गेलं नाही?) मग त्याने आकृती काढून ती ३१ जानेवारी १९१३ रोजी नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. ही तारीख लक्षात ठेवा. पेटंटचा अर्ज गेला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.

पहिल्या महायुद्धात तो अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधून पॅरिसला गेला आणि मेजर होऊन परतला. मित्र त्याला पुढे कायम मेजरच म्हणायचे. तिथे १९१८ मध्ये त्याने आपला दुसरा मोठा शोध लावला, सुपरहेटरोडाईन रिसीव्हर. नाव अगडबंब आहे, कल्पना सोपी आहे. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरात असल्या की एक संथ 'वांव वांव' ऐकू येतं. त्याचा वेग म्हणजे दोन्ही तारांमधला फरक. आर्मस्ट्राँगने रिसीव्हरच्या आत स्वतःचा एक ऑसिलेटर बसवला आणि बाहेरच्या स्टेशनबरोबर मिसळला. उरतो तो फरक. आपण बटण फिरवतो तेव्हा आतला ऑसिलेटर असा सरकतो की कोणतंही स्टेशन लावलं तरी फरक तोच राहावा. मग पुढची सगळी गाळणी आणि वाढवणी त्या एकाच फ्रिक्वेन्सीसाठी बनवायची.

माझं बालपण नारायणगावचं. तिथे वडिलांच्या रेडिओवर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागायचं. अशा रेडिओत फरक सहसा ४५५ किलोहर्ट्झचा धरतात. म्हणजे सकाळच्या बातम्या चालू असताना त्या लाकडी खोक्यात १२४७ किलोहर्ट्झचा एक अबोल तंबोरा वाजत असायचा आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता! आमच्या गावाजवळच खोडदला जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. शाळेच्या सहलीत आम्ही ती पाहिली, डबे खाल्ले आणि परत आलो. तिच्या मूळ रचनेतही हेच तत्त्व होतं. पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या अँटेनांमधले सगळे तंबोरे एका सुरात राहावेत म्हणून ऑप्टिकल फायबरमधून संदर्भाचा स्वर धाडलेला होता. हे मला कळलं ते पंचवीस वर्षांनी, अरबी समुद्राच्या या बाजूला.

सुपरहेटची कल्पना त्याच सुमारास फ्रान्समध्ये ल्युसियन लेवीला आणि जर्मनीत वॉल्टर शॉटकीलाही सुचली होती. तरी ती चालवून दाखवून उपयोगात आणण्यात आर्मस्ट्राँगचा वाटा मोठा.

हौशी मंडळींशी त्याचं नातं शेवटपर्यंत होतं. डिसेंबर १९२१ मध्ये त्याने आणि रेडिओ क्लब ऑफ अमेरिकेच्या मित्रांनी कनेक्टिकटमधल्या ग्रीनिच गावी १बीसीजी नावाचं केंद्र उभं केलं. अटलांटिक ओलांडायचा, तोही सुमारे २३० मीटर तरंगलांबीवर. जाणकारांना हे अशक्य वाटायचं. केंद्राची रचना बघण्यासारखी होती. एक नळी फक्त ऑसिलेटरसाठी ठेवली, बाकीच्या तिचा स्वर मोठा करायला. ज्याने स्वर धरायचा त्याच्याकडून हमाली करून घ्यायची नाही! पलीकडे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पॉल गॉडली नावाचा अमेरिकन हौशी तंबू ठोकून, लांबच लांब तार पसरून, सुपरहेट घेऊन बसला होता. त्याने १बीसीजीचा पूर्ण संदेश टिपला. दोन्ही टोकांना आर्मस्ट्राँगच्याच कल्पना!

यानंतर काही वर्षं त्याच्या पायाशी लक्ष्मी लोळण घेत होती. १९२० मध्ये वेस्टिंगहाऊसने त्याचे हक्क ३,३५,००० डॉलरला घेतले. १९२२ मध्ये आणखी एक शोध आरसीए कंपनीने रोख रक्कम आणि शेअर देऊन घेतला. त्यातून तो आरसीएचा सर्वात मोठा वैयक्तिक भागधारक झाला. कंपनीचा सूत्रधार डेव्हिड सारनॉफ त्याचा दोस्त. सारनॉफची सेक्रेटरी मॅरियन मॅकिनिस हिच्या तो प्रेमात पडला. १९२३ मध्ये गडी न्यूयॉर्कमधल्या एका उंच इमारतीवरच्या आरसीएच्या मनोऱ्याच्या टोकावर चढला आणि फोटो काढून घेतले. सारनॉफ भडकला, मॅरियन मात्र डिसेंबरमध्ये त्याची बायको झाली. लग्नाची भेट म्हणून त्याने तिला हातात धरून नेता येईल असा सुपरहेट रेडिओ बनवून दिला. पोर्टेबल म्हणावा असा तो पहिलाच.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं!

पण डी फॉरेस्टने दावा केला होता की सिग्नल परत आत सोडण्याची युक्ती आधी आपली. खटले वर्षानुवर्षं चालले. सुरुवातीला निकाल आर्मस्ट्राँगच्या बाजूने लागले, मग उलटे फिरले. १९२८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला, आणि १९३४ मध्ये पुन्हा. कायदा जिंकला, पण न्यायमूर्तींना तंत्रच कळलं नाही असं बहुतेक इंजिनिअरांचं मत होतं. याच शोधासाठी रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने त्याला आपलं पहिलं सन्मानपदक दिलं होतं. १९३४ च्या अधिवेशनात तो ते परत करायला गेला. संस्थेने परत घेतलं नाही. भर सभेत त्याचा मान कायम ठेवला. मला या आयुष्यातला हा प्रसंग सर्वात मोठा वाटतो. कोर्टात हरलेल्या माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांनी उभं राहून सांगितलं की आम्हाला ठाऊक आहे.

दरम्यान तो तिसऱ्या शोधाच्या मागे होता. शत्रू एकच, खरखर. आपल्या पावसाळ्यात वीज चमकली की जुन्या रेडिओवर जी कडकड व्हायची ती. तेव्हाचं सगळं प्रसारण एएमचं, म्हणजे लहरीची उंची कमी-जास्त करून आवाज पाठवायचा. खरखरही उंचीवरच हल्ला करते, मग दोन्ही वेगळे करणार कसे? आर्मस्ट्राँगने ठरवलं की उंची कायम ठेवायची आणि फ्रिक्वेन्सी हलवायची. म्हणजे एफएम. ही कल्पना नवी नव्हती. जॉन कार्सन या गणितज्ञाने १९२२ मध्ये गणित मांडून तिच्यात फायदा नाही असं दाखवलं होतं. पण ते फ्रिक्वेन्सी थोडीशीच हलवण्याबद्दल होतं. आर्मस्ट्राँगने ती भरपूर हलवून पाहिली, आणि खरखर गेली. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला पेटंटं मिळाली.

यात एक मेख होती, आणि काकांनी मला ती चक्क कागदावर काढून दाखवली. फ्रिक्वेन्सी भरपूर हलवायची तर ऑसिलेटर सैल हवा. पण सैल ऑसिलेटर आपोआपच भरकटतो. क्वार्ट्झच्या क्रिस्टलचा ऑसिलेटर घेतला तर तो खांबासारखा स्थिर, पण हलता हलत नाही. आर्मस्ट्राँगने क्रिस्टलच निवडला. त्याच्या स्वराला आवाजाने अगदी किंचित धक्का द्यायचा आणि मग तो स्वर हजारो पटींनी वाढवत न्यायचा, म्हणजे धक्काही तितक्याच पटींनी वाढतो. मध्ये सुपरहेटची युक्ती वापरून मूळ फ्रिक्वेन्सी खाली आणायची. पण गुणाकार चांगलं-वाईट निवडत नाही. क्रिस्टलची स्वतःची थरथरही तितक्याच पटींनी वाढते. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की थरथर ६ डेसिबलने वर, दहापट केली की २०. म्हणून मुळातला स्वर शुद्धच हवा. व्याजावर व्याज चढतं तसंच हे, मुद्दलात खोट असेल तर सगळंच गेलं.

५ नोव्हेंबर १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअरांसमोर प्रात्यक्षिक झालं. प्रसारण याँकर्समधल्या एका हौशी मित्राच्या घरून, डब्ल्यू२एजी या केंद्रावरून. सभागृहात पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद फाटल्याचा आवाज खऱ्यासारखा आला. एफएमची ही पहिली जाहीर ओळख एका हॅमच्या घरातून झाली, हे सांगताना काकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता माझ्या रिसीव्हरकडे येतो. फार किचकट करत नाही, पण ज्यांना रस नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

ऑसिलेटरने एकच स्वर धरून ठेवायचा असतो. पण कोणताही ऑसिलेटर शंभर टक्के तसं करत नाही. क्षणाक्षणाला तो किंचित पुढे, किंचित मागे सरकतो. यालाच फेज नॉइज म्हणतात. त्याचा आलेख काढला तर मध्ये एक सुळका आणि दोन्ही बाजूंना उतरता डोंगर. जवळपास जोरदार स्टेशन नसेल तर या डोंगराचा त्रास होत नाही. पण असेल, तर ते स्टेशन सुळक्याबरोबर न मिसळता डोंगराच्या उतारावर मिसळतं आणि ती थरथर खरखर होऊन आपल्या कानात येते. आणि मजा म्हणजे त्या स्टेशनच्या बोलण्याच्या तालावर येते! समजा ऑसिलेटरचा नॉइज त्या अंतरावर १ हर्ट्झ रुंदीत मुख्य स्वराच्या १०० डेसिबल खाली आहे. ऐकायला चांगला वाटतो. पण आपण बोलणं ऐकायला २५०० हर्ट्झ रुंदीची खिडकी उघडतो, तिथे ३४ डेसिबल गेले. उरले ६६. शेजाऱ्याचा सिग्नल मीटरवर एस-९ च्या ६० डेसिबल वर असेल, तर आपल्याच रिसीव्हरमध्ये जवळजवळ एस-८ इतकी खरखर तयार होते. दूरदेशीचा क्षीण आवाज त्यात बुडणारच. तोच आकडा १०० ऐवजी १४० असता, तर खरखर जेमतेम एस-१ ला उरली असती.

माझ्या किटमध्ये ऑसिलेटर म्हणून एक बारीक चिप होती. कोणतीही फ्रिक्वेन्सी सांगा, लगेच देते, स्वस्त, मस्त. मी सॉफ्टवेअरवाला, मला तेच आवडलं होतं. तिला आधार क्रिस्टलचाच असतो, पण प्रत्यक्ष स्वर काढणारा चिपच्या आतला ऑसिलेटर सैल जातीचा. क्रिस्टलची गुणवत्ता, म्हणजे घंटा एकदा वाजवल्यावर किती वेळ नादत राहते तो हिशोब, सहज दहा हजारांच्या पुढे जाते. साध्या कॉइल-कपॅसिटरची शंभर-दोनशे. ही गुणवत्ता जितकी जास्त तितका डोंगर अरुंद. डेव्हिड लीसन यांनी १९६६ मध्ये हे एका छोट्या सूत्रात मांडलं, आणि आजही ऑसिलेटर निवडताना लोक तिथूनच सुरुवात करतात.

दुसऱ्या दिवशी काकांनी एक पत्र्याची डबी काढली. आत पाच मेगाहर्ट्झच्या आसपासचा, त्यांनी स्वतः बनवलेला क्रिस्टल ऑसिलेटर. माझ्या चिपची तार काढून तिथे ही डबी जोडली. एकच फ्रिक्वेन्सी ऐकता येत होती, पण चाचणीला तेवढं पुरे. मी माझ्या घरी कान लावून बसलो, ते त्यांच्या घरून बोलले. खरखर गायब! दोष त्यांच्या ट्रान्समीटरमध्ये नव्हताच. मी महिनाभर ज्याच्या नावाने बोटं मोडत होतो तो आवाज माझ्याच खोक्यातून येत होता. माफी मागायला गेलो तर पुन्हा काहवा आणि खजूर.

त्या संध्याकाळी त्यांनी मला आर्मस्ट्राँगचा शेवट सांगितला.

एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आरसीएच्या जागेत एफएमच्या चाचण्या झाल्या होत्या. त्या यशस्वी झाल्या, तरी १९३५ मध्ये त्याला सामान हलवायला सांगण्यात आलं. कंपनीला टेलिव्हिजनमध्ये पैसा घालायचा होता. त्याने स्वतःच्या खर्चाने न्यू जर्सीतल्या अल्पाइन इथे चारशे फुटांहून उंच मनोरा बांधला आणि स्वतःचं केंद्र चालवलं. १९४० मध्ये आरसीएने हक्कांसाठी दहा लाख डॉलर एकरकमी देऊ केले. बाकीच्या कंपन्या विक्रीवर टक्केवारी देत होत्या, मग यांना वेगळा न्याय का, म्हणून त्याने नकार दिला. तत्त्वाने बरोबरच होतं. दुसऱ्या महायुद्धात त्याने आपली पेटंटं सैन्याला फुकट वापरू दिली. १९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफएमचा पट्टा उचलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला आणि लोकांनी घेतलेले लाखो संच एका फटक्यात निकामी झाले. १९४८ मध्ये त्याने आरसीएवर खटला भरला. तारखांवर तारखा पडत गेल्या. १९५० मध्ये पेटंटांची मुदत संपली, उत्पन्न आटलं, वकिलांची बिलं थांबली नाहीत.

घरात मॅरियन तडजोड करा म्हणत होती. तो ऐकत नव्हता. नोव्हेंबर १९५३ मध्ये एका भांडणात त्याचा हात तिच्यावर उठला. ती बहिणीकडे निघून गेली. तीस वर्षांच्या संसारात जिने त्याची प्रत्येक उडी सांभाळून घेतली, ती. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, पहिल्या आकृतीवर नोटरीचा शिक्का उठला त्याला बरोबर एकेचाळीस वर्षं झाली त्या दिवशी, त्याने मॅरियनला क्षमा मागणारं पत्र लिहिलं आणि आपलं आयुष्य संपवलं. वय त्रेसष्ट.

खटले पुढे मॅरियननेच लढवले. त्याच वर्षाच्या अखेरीस आरसीएने तडजोड केली, रक्कम सुमारे दहा लाख डॉलर. म्हणजे १९४० मध्ये नाकारली होती जवळजवळ तीच. मॅरियन एकेक कंपनी घेत गेली. शेवटचा खटला मोटोरोलाविरुद्धचा. तोही ती १९६७ मध्ये जिंकली. त्याच्यानंतर तेरा वर्षं लागली, पण एफएम त्याचाच हे कागदोपत्री सिद्ध झालं. आपल्याकडे पहिलं एफएम केंद्र चेन्नईत १९७७ मध्ये सुरू झालं. पुढे ते गावोगावी पोचलं, आणि आता तर मस्कतच्या टॅक्सीतही तेच.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझंही एक भांडण चालू होतं. आधीच्या एका नोकरीत मी लिहिलेल्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलं होतं. मी रोज रात्री लांबलचक ईमेल लिहायचो. बायको म्हणायची, अहो, पुरे करा, मुलगी तुमची वाट बघत झोपून गेली. मी म्हणायचो, पण मी बरोबर आहे ना! आर्मस्ट्राँगही बरोबर होता. माझ्यापेक्षा हजारपट बरोबर होता. बाहेरची खरखर कशी काढायची हे त्याच्याइतकं जगात कोणाला कळलं नसेल. पण घरातल्या माणसाचा क्षीण सिग्नल कशात बुडतोय, ते त्याला वेळेवर ऐकू आलं नाही.

मी एक शेवटचं, चार ओळींचं पत्र लिहिलं, माझी बाजू नोंदवली आणि विषय बंद केला. अन्याय गिळावा असं मी म्हणत नाही. मॅरियनने तो गिळला नाहीच. ती शांत डोक्याने लढली आणि जिंकली. फक्त खरखर आपल्या खोक्यातली की बाहेरची, हे आधी तपासावं, इतकंच.

आता नवीन ऑसिलेटर बनवतोय. डबी काकांना परत केली, पण त्यांनी एक क्रिस्टल भेट दिला. मुलगी सोल्डरिंग शिकतेय, पहिल्याच दिवशी बोट भाजून घेतलं! यंदा लक्ष्मीपूजनानंतर फराळाचं ताट घेऊन काकांकडे जाणार आहोत. चकल्या त्यांना फार आवडतात.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आणि हो, गाडीत एफएम लावाल तेव्हा मेजरची एकदा आठवण काढा.